शेवटच्या तासाचे मतदार

मी पत्रकं लिहिते. रस्त्यात कुणीतरी तुमच्या हातात जो कागद कोंबतं आणि पुढच्या खांबापर्यंत तुम्ही जो टाकून देता, तो. त्याची एक बाजू मी कायम कोरी ठेवायला लावते. कोऱ्या बाजूवर बायका किराण्याची यादी करतात, मुलं गणितं सोडवतात, म्हणून कागद दोन दिवस तरी घरात टिकतो. पुढच्या बाजूवरच्या क्रांतीपेक्षा मागच्या बाजूवरच्या तूरडाळीला आयुष्य जास्त, ही या धंद्यातली पहिली शिकवण.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी 'तरुणांचे प्रेरक अनुभव' मागवलेत. प्रेरक माझ्याकडे काही नाही. जे आहे ते लिहिते.

घर नल्लकुंट्यात. आजोबा उदगीरकडची शेती भावांवर सोडून इथे आले, वडील नोकरीत केस पांढरे करून निवृत्त झाले. घरात मराठी, गल्लीत तेलुगू, बाजारात दखनी. त्यामुळे जाहीर निषेध मला तीन भाषांत, न अडखळता करता येतो. सुरुवात कॉलेजातल्या फीवाढीपासून झाली, मग तुंबलेले नाले, मग निवडणुका. निषेध करायला एवढं साहित्य पुरवणारं दुसरं शहर शोधून सापडायचं नाही.

तर कोरोनाच्या साथीत आमच्या वॉर्डाची निवडणूक लागली. शाळा बंद, देवळं बंद, लग्नाला मोजकी माणसं, मयताला त्याहून मोजकी. मतदान मात्र जीवनावश्यक. आम्ही उभे केले सत्यण्णा. अपक्ष. लॉकडाऊनमध्ये या माणसाने स्वतःच्या टेम्पोतून घरोघर जेवणाचे डबे पोचवले होते, एका रात्रीत तीन हॉस्पिटलं फिरून लोकांना खाटा मिळवून दिल्या होत्या. असा माणूस निवडून येणार नाही तर कोण येणार, असं मला वाटत होतं. मी तेव्हा पंचवीस वर्षांची होते, एवढाच माझा बचाव.

चिन्ह मिळालं शिट्टी. अख्ख्या शहराच्या तोंडाला मास्क, आणि आमचं चिन्ह शिट्टी! सत्यण्णा म्हणाले, "वाजवायला नको अम्मा, दाखवायची नुसती." आम्ही दाखवत हिंडलो. विद्यानगरात एका काकूंनी ग्रिलच्या आतून सुपडं पुढे केलं, त्यात पत्रक टाकायला लावलं आणि त्यावर सॅनिटायझरचा असा फवारा मारला की फोटोतल्या सत्यण्णांच्या मिशा ओघळून हनुवटीवर आल्या. "आता वाचते हं," म्हणाल्या. पुण्या-मुंबईहून आलेली आपली आयटीतली मंडळी तर दारसुद्धा उघडत नव्हती. इंटरकॉमवरून सांगायची, "आमचं नाव अजून कोथरूडच्या यादीत आहे." हे सांगतानाचा अभिमान ऐकून वाटायचं, यांनी कोथरूड जिंकूनच आणलंय.

आता बाहेरच्यांसाठी थोडं धंद्याचं. प्रचार म्हणजे भाषण असं लोकांना वाटतं. प्रचार म्हणजे यादी. मतदार यादीचे गठ्ठे करायचे, दोघादोघांनी एकेक गल्ली वाटून घ्यायची, दार वाजवायचं आणि नावापुढे पेन्सिलीने खूण करायची. आपला असेल तर बरोबरची, त्यांचा असेल तर फुली, डळमळीत असेल तर प्रश्नचिन्ह. दाराला कुलूप असेल तर गोल. दोनदा जाऊनही गोल आला तर माणूस घर सोडून गेला असं समजायचं. नेहमीच्या दिवसांत हे हिशोबाला ठीक बसतं. माणूस घर सोडून जातो, नाव यादीत राहतं, आणि मतदानाच्या दिवशी त्या नावाने दुसराच कुणी उगवतो. बोगस मत म्हणतात ते हे. समोरची पार्टी यात पदवीधर होती.

म्हणून मी हुशारी केली. आमच्याकडचे सगळे गोल एकत्र काढले, त्यांची वेगळी यादी टाइप केली आणि निवडणूक कचेरीत अर्ज दिला: 'सदर मतदार दिलेल्या पत्त्यावर राहत नाहीत अथवा मयत आहेत. त्यांच्या नावाने कोणी आल्यास कसून तपासणी व्हावी.' त्या आठवड्यात मी असे वीस-बावीस अर्ज लिहिले असतील. लाऊडस्पीकरचा, बॅनरचा, साड्या वाटल्याचा. एकाचंही उत्तर कधी येत नाही, म्हणून दिले की विसरायचे. विसरले.

मतदानाचा शेवटचा तास बाधितांसाठी राखून ठेवला होता. ज्यांना कोरोना झालाय त्यांनी त्या तासात यायचं. केंद्र एका सरकारी शाळेत. मी फाटकाबाहेर, हद्दीच्या रेषेपलीकडे टेबल टाकून चिठ्ठ्या देत होते. आत खोलीत प्रत्येक उमेदवाराचा एक एजंट बसतो, हातात यादी घेऊन; आलेला माणूस तोच आहे का यावर लक्ष ठेवायला. आमचा एजंट होता लक्ष्मण. छाती अशी पुढे काढून चालणारा की शर्टाची बटणं घाबरायची.

संध्याकाळी ते आले. मास्कवर मास्क, त्यावर ओढणी, कुणी भिंतीला धरून, कुणी दोन पावलांवर थांबत. वीसपंचवीस जण असतील. बहुतेक आमच्या गल्ल्यांतले, सत्यण्णांच्या डब्यांवर जगलेले. मला भरून आलं. वाटलं, ही खरी लोकशाही. थोड्याच वेळात त्यातले निम्मे जण मान खाली घालून बाहेर पडले आणि झपझप चालत गेले. मी हाका मारल्या. कुणी थांबेना.

मागोमाग लक्ष्मण.

"काय झालं रे?"

"हाकललं सगळ्यांना! त्या सारने! तुमची नावं नाहीत, चला, म्हणाला. आपल्याच लोकांना निवडून निवडून!"

सार म्हणजे इथल्या तोंडी सर; हे सर केंद्राध्यक्ष होते. नरसिंह सार, सरकारी हायस्कुलात गणित शिकवायचे, इलेक्शन ड्युटीवर आले होते. मी लक्ष्मणला एवढंही विचारलं नाही, की तू नेमका कुठे उभा होतास.

तीन-चार दिवसांनी मोजणी झाली, तीत सत्यण्णा पडले. किती मतांनी, तर परत गेलेले ते निम्मे थांबले असते तर जिंकले असते, इतक्या. झालं. त्याच दुपारी मी आयुष्यातलं सगळ्यात झणझणीत पत्रक लिहिलं. 'मतचोर मास्तर!' वर शाळेच्या वेबसाइटवरून काढलेला नरसिंह सारांचा फोटो. आजाऱ्यांच्या तोंडचं मत हिसकावणारा, विकला गेलेला, इत्यादी. शेवटी त्यांच्या मलकपेठेतल्या गल्लीचं नाव. जनतेला कळायला हवं ना, जाब कुठे विचारायचा! पारदर्शकता म्हणतात तिला.

पत्रक उडालं. इतकं कधीच कुठलं उडालं नव्हतं. मोजणी केंद्राबाहेर शेकडो माणसं जमली. सहा फुटांचं अंतर ठेवा, असं पोलीस स्पीकरवरून ओरडत होते आणि सहा इंचांत उभे राहून लोक त्यांना शिव्या घालत होते. एका बसच्या काचा गेल्या. लाठ्या चालल्या. माझ्या पोटरीवर एक बसली आणि मला अगदी धन्य वाटलं. संध्याकाळी एक घोळका टेम्पोत बसून मलकपेठेला गेला. मी गेले नाही. माझी पोटरी सुजली होती. तिथे काय झालं ते व्हिडिओत पाहिलं: एक छोटंसं घर, ओरडा, दगड, खिडकी. मी तो व्हिडिओ पुढे पाठवला. खाली लिहिलं, 'जनतेचा संताप.' दोन दिवसांत खात्याने सारांना निलंबित केलं. आम्ही पेढे वाटले. डब्यातून, चमच्याने, साथ होती ना!

मग वकील म्हणाले, निकालाला आव्हान द्यायचं तर परत पाठवलेल्या मतदारांचे जबाब लागतील, सही-अंगठ्यानिशी. ते काम माझ्याकडे आलं. पहिल्यांदा गेले सुशीलाबाईंकडे, आमच्याच नल्लकुंट्यात, मागच्या गल्लीत. नवरा वारल्यावर लोणची-पापड करून घर चालवणारी बाई. मी कागद पुढे केला. त्यांनी चष्मा लावून वाचला आणि परत दिला.

"हे खोटं आहे गं."

"म्हणजे? तुम्हाला परत पाठवलं नाही?"

"मला कुठे? मी मत दिलं की. शिट्टीवरच मारलं, काळजी नको करूस."

"मग हाकललं कुणाला?"

"हाकललं कुणालाच नाही. ते समोरच्या पार्टीचं पोरगं होतं ना, खिडकीत बसलेलं, ते यादी बघून मोठ्याने ओरडायला लागलं. हा मयत आहे! ही घर सोडून गेलीय! मग सार म्हणाले, ओळख पटवायला लागेल, मास्क खाली घ्या. तशी ती क्लार्क बाई किंचाळली, नको नको, काढू नका! तुझा तो छातीवाला तर आम्ही आत आलो तेव्हाच पळाला."

"लक्ष्मण?"

"शाळेच्या मागच्या चहावाल्याकडे होता. मग सार स्वतः उठले. एकेकाजवळ आले, अगदी इतक्या अंतरावर. म्हणाले, अम्मा, क्षणभर खाली घ्या. कार्डावरचा फोटो बघितला, माझं तोंड बघितलं, म्हणाले, बरोबर आहे, जा, मत द्या. मी खोकत होते गं. त्यांच्या अंगावर खोकले."

"मग बाकीचे का गेले?"

सुशीलाबाईंनी आवाज खाली आणला. "अगं, निम्म्या लोकांनी गल्लीत सांगितलंच नव्हतं. समोर कुलूप लावायचं आणि मागच्या दाराने राहायचं. कळलं की दूधवाला बंद, कामवाली बंद, घरमालक सामान बाहेर काढतो. मी पण लावलं होतं कुलूप. तिथे त्यांची नावं अशी दवंडीसारखी ओरडल्यावर कोण थांबेल?" मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही दोघी दोनदा आला होतात ना? मी आतून बघत होते. आवाज नाही केला."

दोनदा. म्हणजे गोल.

कचेरीत जाऊन, ते पोरगं वाचत होतं त्या यादीची नक्कल मागितली. त्यांनी लगेच दिली. शिपाई म्हणाला, "मेडम, तुमचाच अर्ज आहे की. आम्ही त्याच दिवशी झेरॉक्स काढून सगळ्या केंद्रांना पाठवला. सगळ्या एजंटांना पण एकेक दिला, नियम आहे." सरकारी कचेरीने माझ्या आयुष्यात पहिल्यांदा एक अर्ज वेळेत आणि नियमाने मार्गी लावला होता. खाली माझी सही. ठसठशीत, अधोरेखित. समोरच्या पार्टीला काहीच करावं लागलं नव्हतं. आमची आजारी माणसं आम्हीच मयत म्हणून टाइप केली आणि त्यांच्या हातात दिली. बोगस मत रोखायला निघालेल्या बाईने खरी मतं रोखली. असलं काम पदवीधरांनाही जमत नाही.

सत्यण्णांकडे गेले. ते टेम्पो धूत होते. सगळं सांगितलं. ते बराच वेळ नळीचं पाणी एकाच चाकावर सोडत राहिले.

"कुणाकुणाला माहीत आहे?"

"तुम्हाला आणि मला."

"मग राहू दे ना अम्मा. केस चालू आहे. फेरमतदान मिळालं तर जिंकतो आपण."

"आणि सार?"

"सरकारी माणूस आहे. आज ना उद्या परत घेतील. त्याला दुसरी पोस्टिंग मिळेल. मला दुसरा वॉर्ड मिळेल का?"

"अण्णा, त्यांच्या घरावर दगड पडले. माझ्या कागदामुळे."

"आणि मी डबे वाटले ते? ते कुणासाठी? त्या लोकांना माझ्याशिवाय कोण आहे?" एवढं बोलून त्यांनी नळ बंद केला. "बघ बाबा. तू शिकलेली आहेस."

माणूस वाईट नव्हता. आजही नाही म्हणणार. म्हणूनच आठ दिवस गेले. वाईट असता तर मी दुसऱ्याच दिवशी त्याच्यावर पत्रक काढलं असतं. त्या आठ दिवसांत मी बरंच तत्त्वज्ञान केलं: व्यापक हित, मोठा लढा, एक मास्तर विरुद्ध अख्खा वॉर्ड. पत्रकं लिहिणाऱ्या माणसाला काहीही पटवता येतं, स्वतःला तर सगळ्यात सोपं. नवव्या दिवशी कळलं, की सारांना कोरोना झालाय. मतदानाच्या संध्याकाळीच लागण झाली असावी. दगड पडले तेव्हा ते त्याच घरात, आतल्या खोलीत तापाने पडलेले होते. व्हिडिओत दिसणारी खिडकी त्यांच्या खोलीची होती.

दुसऱ्या दिवशी पेन्सिलीची मूळ यादी आणि अर्जाची नक्कल घेऊन मी सारांच्या चौकशी अधिकाऱ्याकडे गेले. लेखी जबाब दिला. तो माणूस परत परत विचारत होता, "म्हणजे तुमच्या स्वतःच्याच विरुद्ध?" त्याच्या फॉर्मात त्यासाठी रकाना नव्हता. आमची केस कोसळली. सत्यण्णांनी माझा फोन उचलणं बंद केलं. लक्ष्मणने ग्रुपवर मला गद्दार म्हटलं आणि मी किती घेतले याचा अंदाज बांधला. दोनेक महिन्यांनी सारांचं निलंबन मागे घेतल्याचं कळलं, तेव्हा वाटलं, चला, मिटलं. माफी मागितली की मोकळी.

मलकपेठेला गेले. खिडकीला काचेच्या जागी अजून जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा होता. सार खुर्चीत, वजन उतरलेलं, बोलताना धाप. त्यांच्या बायकोने मला बसा म्हटलं नाही आणि पाणीही विचारलं नाही. बरोबरच होतं. आमचं बोलणं तेलुगूत झालं, मराठीत देते. मी माफीचं भाषण पाठ करून गेले होते. अर्ध्यात त्यांनी हात वर केला.

"ठीक आहे अम्मा. माफी मिळाली. आता मी तिचं काय करू?"

मी भाषणातलं पुढचं वाक्य शोधायला लागले.

"शाळेत एकदा हजर व्हायला गेलो, तिथे निलंबन मागे घेतल्याचा कागद आला होता, सगळ्यांनी वाचला. या गल्लीत कुठला कागद आला?"

"माझाच," मी म्हटलं.

"हो. दारोदार. फोटोसकट. अजून ही दुधाला पलीकडच्या रस्त्यावर जाते. समोरच्या दुकानात हिला गिऱ्हाईकांसमोर हाक मारतात, या ओट चोरवाल्या मेडम. मी तर एरवी घराबाहेरच पडत नाही."

"मी दुसरं पत्रक काढते सार. याहून मोठं."

"नको!" ते जवळजवळ ओरडले, मग खोकले. "कागद नको. तोंडाने सांग. आत्ता. इथून त्या टोकापर्यंत."

गेले. असा प्रचार मी कधी केला नव्हता आणि कुणाला करायला सांगणार नाही. पहिल्या दारात बाई म्हणाली, "इलेक्शन आलं का परत?" दुसऱ्या दारात विचारलं, कुठल्या पार्टीकडून. मी म्हटलं, कुठल्याच नाही, तो कागद मी लिहिला होता, तो खोटा होता. त्यांनी दार लावून घेतलं. एका आजोबांनी समजावलं, "धूर आहे तर आग असणारच." आजोबा, धूरही मीच केला होता, असं म्हटलं तर ते म्हणाले, "मग आग पण असेल कुठेतरी." एका बाईला काहीच आठवत नव्हतं, माझं ऐकून तिला सारांवर नव्याने संशय यायला लागला, म्हणून तिच्या दारात मी दहा मिनिटं जास्त उभी राहिले. संतापून ऐकणारे लोक मला माहीत होते. इतक्या शांतपणे ऐकून घेणारे नव्हते.

समोरचं दुकान शेवटी ठेवलं होतं. किराणा, दूध, पान. मालक यादगिरी, पन्नाशीचा, काउंटरवर दोन्ही हात टेकून. दोन-तीन गिऱ्हाईकं होती. त्यांच्यासमोरच सगळं सांगितलं, कचेरीतल्या सहीपर्यंत.

"मालूम था," यादगिरी म्हणाला.

"काय?"

"झूठ है करके. सार बच्चों को मुफ्त में पढ़ाते. ऐसा आदमी ओट खाता क्या?"

"मग खिडकीवर दगड?"

त्याने काउंटरवरची धूळ हाताने पुसली. "मैं एकिच मारा. सब मार रहे थे ना."

तीन भाषांत निषेध येतो म्हणाले ना मी? एकाही भाषेत नाही आला. तेवढ्यात गिऱ्हाईकं बाजूला झाली. मागे बघितलं तर नरसिंह सार. लुंगीवर स्वेटर, मास्क, हातात कापडी पिशवी. चार घरांइतकं चालून त्यांना दम लागला होता. मागे दारात त्यांच्या मेडम चौकटीला धरून उभ्या.

सारांनी श्वास सावरला, मास्क क्षणभर खाली घेतला, यादगिरीला नीट चेहरा दिसेल असा, आणि म्हणाले,

"दूध. अर्धा लिटर."

यादगिरीने फ्रिज उघडला. पाकीट काढलं, पुसलं आणि दोन्ही हातांनी पुढे केलं. सारांनी ते पिशवीत ठेवलं आणि वळले. येताना ते कडेकडेने आले असावेत, पण जाताना गल्लीच्या अगदी मधून गेले, सावकाश, एक स्कूटर मागे थांबून राहिली तरी.